जमिनीवरून ऐकलेला दाखला

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेचा (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचा) वार्षिक मेळावा तीन दिवस चाले आणि त्या तीन दिवसांत एक कार्यक्रम दर वर्षी ठरलेला असे: बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला मुलांनी करून दाखवायचा. दाखला म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा: लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाला पाहून एक याजक (पुरोहित) आणि एक लेवी (मंदिराचा सेवक) बाजूने निघून जातात, आणि परक्या समाजातला एक शोमरोनी त्याच्या जखमा बांधून त्याला उतारशाळेत नेतो. गीते बदलत, पाठांतराची वचने बदलत, संदेश द्यायला येणारे पाहुणे बदलत. दाखला मात्र तोच राही. नवख्या माणसाला त्यात तोचतोचपणा वाटला असता. मला मात्र त्या मेळाव्यांतले आज जे काही आठवते, त्यातले बहुतेक या एकाच दाखल्याभोवतीचे आहे, कारण दाखला तोच असला तरी त्यातली आमची जागा दर वर्षी बदलत असे.

पहिल्या वर्षी मी उतारशाळेचा रखवालदार होतो. शोमरोनी देईल ते दोन दीनार हात पुढे करून घ्यायचे, एवढेच माझे काम. एक दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची दिवसभराची मजुरी, हे शब्बाथशाळेच्या बाईंनी मला मुद्दाम सांगितले होते, आणि त्यामुळे पुठ्ठ्याच्या त्या दोन चकत्या मी दोन्ही हातांनी सांभाळून धरल्याचे आठवते. पुढे मी एकदा लुटारू झालो, दोनदा लेवी झालो. मनातून मात्र मला शोमरोनीच व्हायचे होते. तेरा वर्षांचा झालो त्या वर्षी तो मान आपल्याला मिळणार, अशी माझी खात्री होती. पण बाईंनी मला जखमी माणूस व्हायला सांगितले. त्या भूमिकेला एकही वाक्य नव्हते.

मी फरशीवर आडवा झालो. बाईंनी डोळे मिटून घ्यायला सांगितले होते आणि एक कान फरशीला टेकलेला होता. त्यामुळे यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणारी ती वाट मला दिसली नाही, ऐकू आली. तोपर्यंत मी हा दाखला नेहमी उभा राहून पाहिला होता. याजक झालेल्या मुलाची पावले दुरून आली, माझ्या डोक्याजवळ आल्यावर मंदावली, क्षणभर थांबली आणि मग वळसा घालून पुढे गेली. हे सारे ठरवून दिलेले होते, तो मुलगा माझ्या रोजच्या ओळखीचा होता, आणि तरीही ती पावले लांब जाऊ लागली तसे माझ्या पोटात खोल काहीतरी ढवळून आले. लेवी थांबलाही नाही, सरळ निघून गेला. मला त्याच्यापेक्षा याजकाचे अधिक लागले, कारण त्याने पाहिले होते आणि पाहूनही तो गेला होता. शेवटी एक हात माझ्या खांद्याखाली आला. त्या हाताचा तळवा घामाने ओला होता आणि पट्टी बांधताना तो थरथरत होता. पण त्या स्पर्शाने वाटलेला दिलासा मी अजून विसरलो नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी, मी काय शिकलो, असे विचारले नाही. त्यांनी विचारले, “पडल्या पडल्या काय ऐकू आले?” मी पावलांचे सांगितले. तेव्हा त्यांनी पवित्र शास्त्र उघडून मला दोन प्रश्न शेजारी शेजारी दाखवले. धर्मशास्त्राचा जाणकार असलेला एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू दाखला सांगून झाल्यावर त्याला उलट विचारतो, लुटारूंच्या हाती सापडलेल्या माणसाचा शेजारी या तिघांपैकी कोण झाला? पहिला प्रश्न उभ्या असलेल्या माणसाचा आहे, कोणाला मदत करायला आपण बांधलेले आहोत याची हद्द आखून मागणारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र जमिनीवर पडलेल्या माणसाच्या जागेवरूनच देता येते. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, असे योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो. पण जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला जात असताना तो हात कोणाचा, हे विचारण्याची शुद्ध पडलेल्याला कोठून असणार?

त्याच संध्याकाळी बाई ‘कळवळा’ या शब्दाविषयी बोलल्या. शोमरोन्याला जखमी माणसाचा कळवळा आला, दुसऱ्या एका दाखल्यात घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राला परतताना दुरून पाहून बापाला कळवळा आला, आणि एकुलता एक मुलगा गमावलेल्या नाईन गावच्या विधवेला पाहून प्रभू येशूला कळवळा आला. लूकने या तीनच ठिकाणी वापरलेले ते ग्रीक क्रियापद ज्या शब्दापासून आले, त्याचा अर्थ आतडी असा आहे. आतडे तुटणे म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फरशीवर पडलेला असताना मला जिथे लागले होते, ती जागा हीच होती. करुणा आधी तिथे जागी व्हावी लागते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रातील प्रीती, आनंद, शांतीपासून इंद्रियदमनापर्यंतचे नऊ गुण मी तोवर बक्षिसासाठी घडाघडा म्हणून दाखवत असे. त्या नऊ गुणांना पौलाने मिळून एकच ‘फळ’ म्हटले आहे आणि फळ हे धरावे लागते, पिकावे लागते, याकडे माझे लक्षच गेले नव्हते.

मेळाव्याच्या शेवटच्या रात्री चिठ्ठ्या काढल्या जात. चिठ्ठीत ज्याचे नाव येईल त्याच्यासाठी वर्षभर रोज प्रार्थना करायची आणि ते कोणालाही, त्यालासुद्धा, कधीही सांगायचे नाही, असा नियम होता. डोंगरावरील प्रवचनात येशूने प्रार्थना दार लावून करायला आणि दान उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू न देता करायला सांगितले, त्यावरून बाईंनी तो घातला होता. त्या वर्षी माझ्या चिठ्ठीत अशा मुलाचे नाव आले, ज्याच्याशी मी कित्येक महिने बोलत नव्हतो. पहिले काही आठवडे मी ते नाव केवळ नियम म्हणून, घाईघाईने उच्चारले. पण एखाद्याचे नाव रोज देवासमोर घ्यायचे, तर त्याच्यासाठी काय मागायचे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी त्याच्याकडे नीट पाहावे लागते. तो वर्गात आपली वही हाताने झाकून का लिहितो, त्याला घ्यायला कधीच कोणी का येत नाही, हे मला प्रथमच दिसू लागले. पावसाळा सरता सरता माझा राग कधी विरला, ते मला कळले नाही. मी त्याची क्षमा मागितली तेव्हा तो चकित झाला आणि हे आज अचानक का, असे त्याने विचारले. नियम होता, म्हणून मी त्याला सांगितले नाही.

पुढे शिक्षणासाठी बाहेर पडलो आणि मेळावे सुटले. ती चिठ्ठी लूकच्या दहाव्या अध्यायात ठेवलेली आहे. कागद पिवळा पडला आहे, शाई फिकी झाली आहे, पण नाव वाचता येते. माझ्या नावाची चिठ्ठी त्या वर्षी कोणाकडे गेली होती, हे मला आजवर कळलेले नाही.