ब्रिस्बेन नदी, ब्रिस्बेन शहर आणि आम्ही सांगलीकर

ब्रिस्बेनला धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे होतो आणि जवळजवळ रोज संध्याकाळी सिटीकॅटने फिरलो. सिटीकॅट म्हणजे नदीतली फेरीबोट, तिकीट फक्त ५० सेंट, सेंट लुशियाला युनिव्हर्सिटीपाशी चढायचं आणि पुढच्या डेकवर वारा खात थेट नॉर्थशोअर हॅमिल्टनपर्यंत.

इथे नाव आधी नदीचं बरं का. १८२३ मध्ये जॉन ऑक्सलीने गव्हर्नर थॉमस ब्रिस्बेनचं नाव नदीला दिलं, नदीवरून मग शहराला पडलं. मूळ लोक तिला मैवार म्हणतात. बंदर आता पार मुखाशी, फिशरमन आयलंड्सला आहे.

पाणी पावसाळ्यातल्या कृष्णेसारखं गढूळ, आणि पहिल्या दिवशी तर मी बघतच राहिलो, पाणी उलटं वर चाललेलं! भरती शहराच्याही बरीच वरपर्यंत चढते.

पण मी २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी बघितलेला माणूस, माझी नजर पुराच्या खुणाच शोधत होती. १९७४ ला इथे ५.४५ मीटर पाणी आलं, मग वर वायव्हेन्हो धरण बांधलं, आणि तरी २०११ ला परत ४.४६ मीटर. त्या पुरात रिव्हरवॉक, म्हणजे नदीवरची तरंगती पायवाट, तुटला, त्याचा जवळपास ३०० मीटरचा तुकडा वाहत निघाला आणि एका टगबोटीने ढकलत ढकलत तो गेटवे ब्रिजच्या खांबांना लागू न देता पार नेला, ऐकतानाच अंगावर काटा आला. नंतर फेरीचे धक्केच नव्याने बांधले. वरच्या अंगाला एक जाडजूड खांब, वाहून आलेले ओंडके त्याच्यावर आदळून बाजूला जातात, आणि पूर आला की गँगवे, म्हणजे काठावरून धक्क्यावर जायचा छोटा पूल, काठापासून सुटून प्रवाहाबरोबर वळतो. नदीला आडवं यायचंच नाही. मला हे फार म्हणजे फार आवडलं.

२०२२ च्या पुरात बहिणीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. लिफ्टशेजारच्या भिंतीवर चिखलाची पुसट रेघ अजून आहे, माझ्या खांद्याएवढी. रंग दिला तरी खालून उमटते म्हणाली.

शेवटच्या दिवशी फेरीतून आबांना व्हिडिओ कॉल लावला. नदी बघितली आणि पहिला प्रश्न, "धोका पातळी किती गं तिथली?"

"साडेतीन मीटर, आबा," बहीण पटकन म्हणाली. "आयर्विनला आज किती?"