कॉम्प्युटर सपोर्टचा फोन आला तेव्हा बाबांना लाईनवरच सगळं दाखवलं

बाबा डोंबिवलीला सोसायटीचा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवतात, एक्सेल वगैरे छान येतं त्यांना, त्यामुळे कॉम्प्युटर सपोर्टच्या असल्या खोट्या फोनला फक्त अडाणी माणसं फसतात हे मला अजिबात पटत नाही. झालं असं की प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना कुठल्यातरी साईटवर स्क्रीनभर निळं पान उघडलं, भोंगा वाजायला लागला, तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद करू नका, ह्या नंबरवर फोन करा असं लिहिलेलं, बाबांनी घाबरून नंबर फिरवला आणि पलीकडचा माणूस भराभर इंग्लिश बोलायला लागला म्हणून ठेवूनही दिला. पण तेवढ्यात बाबांचा नंबर त्यांच्याकडे गेला ना. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, नशीब मी तेव्हा माहेरी होते.

"विंडोज टेक्निकल डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमच्या पीसीमधून आमच्या सर्व्हरला एरर येतायत." मी बाबांना फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं. तुम्ही एकटे असाल तर सरळ कट करा, पण मला वाटलं आत्ता कट केला तर बाबांच्या मनात राहणारच की खरंच काही बिघडलं असेल तर, आणि मी नसताना परत फोन आला की ते ऐकून घेणार. म्हणून बोलू दिलं त्याला.

त्याने विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायला लावलं, मग एकेक अक्षर, ई फॉर एलिफंट, व्ही फॉर व्हिक्टरी असं करत इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावला. डावीकडे कस्टम व्ह्यूज, त्यात अॅडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स, आणि उघडल्यावर खालपर्यंत लाल गोल आणि पिवळे त्रिकोण. "बघा सर, किती व्हायरस आहेत." बाबांचा चेहराच उतरला, कारण ते लाल गोल खोटे नव्हते, त्यांच्याच कॉम्प्युटरवर होते. मी शेजारी माझा लॅपटॉप ठेवला, तेच पान उघडलं आणि तिथेही तसेच लाल गोल. ही विंडोजची रोजकीर्द आहे हो, एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा चालू झाली, नेट क्षणभर गेलं, सगळं लिहिलं जातं, अगदी धडधाकट कॉम्प्युटरवरसुद्धा. रोजकीर्द म्हटल्यावर बाबांना लगेच कळलं.

मग त्याची पुढची पायरी, माझ्या मते सगळ्यात लबाड. काळी विंडो उघडायला लावून एक कमांड टाकायला लावली, एएसएसओसी, भली मोठी यादी सरकली आणि शेवटी शेवटी झेडएफसेंडटूटार्गेट नावाची ओळ, तिच्यापुढे कंसात मोठा नंबर. तो म्हणाला हा तुमच्या कॉम्प्युटरचा युनिक लायसन्स आयडी, मी वाचतो तुम्ही जुळवा, आणि वाचायला लागला, ८८८डीसीए६०... बरोबर जुळला. आता सांगा, इतका लांब नंबर परक्या माणसाने बरोबर सांगितला तर कोणाला खरं वाटणार नाही? मी तीच कमांड माझ्या लॅपटॉपवर टाकली आणि बोट ठेवून बाबांना दाखवलं, ८८८डीसीए६०, तंतोतंत तोच. तो सगळ्या विंडोजवर सारखाच असतो, राइट क्लिक करून फाईल झिप फोल्डरमध्ये पाठवायची सोय असते ना त्याचा तो नंबर, लायसन्सशी काही संबंध नाही.

तेवढ्यात तो एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं अॅप) डाऊनलोड करा आणि त्यातला नंबर मला सांगा यावर आला. बाबांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही सांगितलेला आयडी माझ्या मुलीच्या लॅपटॉपवरही तोच कसा काय?" क्षणभर काहीच नाही, मग आवाज चढला, आज रात्री तुमचं लायसन्स ब्लॉक होईल वगैरे. बाबांनी कट केला.

बाबांचा एकच प्रश्न होता, मागे तर ऑफिससारखा गलका ऐकू येत होता. येणारच, ही खरीखुरी कॉल सेंटरच असतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आपल्या मीरा रोडला धाड घातली होती आठवतं का, तिथे कितीतरी पोरं बसून अमेरिकेतल्या लोकांना तिकडच्या टॅक्स खात्याच्या नावाने धमकावत होती. तेव्हा गलक्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ते लाल गोल आणि ती यादी नुसती बघितल्याने काही बिघडत नाही, खरा धोका एनीडेस्कपासून. अॅप तसं चांगलंय, ऑफिसचे आयटीवालेही वापरतात, पण नंबर देऊन अॅक्सेप्ट केलं की माऊस त्याच्या हातात. फोनवर टाकलं तर येणारा ओटीपीपण त्याला दिसतो, २०१९ मध्ये आरबीआयने यावरूनच बँकांना सावध केलं होतं. आणि रिफंडवाला प्रकार तर भयंकर, तुमचे पैसे परत देतो म्हणून बँकेचं पान उघडायला लावतात, स्क्रीन काळी करतात आणि ब्राउझरमध्येच पानावरचा आकडा बदलतात, खात्यात काहीच आलेलं नसतं पण दिसतं की पाच हजाराऐवजी पन्नास हजार आले, आता जास्तीचे परत करा. आपण प्रामाणिक असतो म्हणूनच अडकतो यात.

नंतर मी सरकारच्या संचारसाथी साईटवर चक्षू नावाच्या भागात त्या कॉलची तक्रार टाकली, पैसे गेले नसतील तर तिथे करायची, नंबर तारीख वेळ भरून ओटीपी आला की झालं. पैसे गेले तर मात्र थेट सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन, लगेच, उद्या बघू नाही, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात. भोंगेवालं पान आलं की कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा, परत उघडल्यावर जुनी पानं रिस्टोर करायची नाहीत. विंडोजच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो हे बाबांनी मॉनिटरखाली चिठ्ठी लावून ठेवलंय.

हे सगळं नाशिकच्या आत्याला सांगितलं तर ती गप्पच, म्हणे मी तर गेल्या आठवड्यात असल्याच फोनवर एनीडेस्कचा तो नंबर दिला होता, मग भीती वाटली म्हणून स्विच बंद केला. बिचारीने कोणाला सांगितलं नव्हतं, लोक हसतील म्हणून. आत्या, तुझं काही चुकलं नाही म्हटलं, आधी वायफाय बंद कर. मग तिच्या मोबाईलवरून बँकेला फोन करून नेटबँकिंग थांबवलं, मेलचा पासवर्डही मोबाईलवरूनच बदलला, पीसीवरून अजिबात नाही, मेल परस्पर कुठे फॉरवर्ड होतोय का तेही सेटिंगमध्ये बघितलं. एनीडेस्क उघडलं तर त्यात तिला न विचारता कधीही आत शिरता येईल असा पासवर्ड टाकून ठेवलेला. म्हणजे तिने पीसी चालू करून नेट लावायचीच ते वाट बघत होते. नुसतं अनइन्स्टॉल करून माझं समाधान होईना, शेवटी फोटो पेन ड्राईव्हवर घेऊन तिच्या ओळखीच्या दुकानात पीसी फॉरमॅट करायला दिला. खात्यातून काही गेलेलं नाही, दर दोन दिवसांनी ती स्टेटमेंट बघतेय आणि मला कळवतेय.