डोण होऊन वाचलेलं कुंड

इंग्लंडातल्या ट्यूक्सबरीहून डिअरहर्स्ट या गावाला चांगला गाडीरस्ता आहे. पण नदीकाठाने चालत जायचा हट्ट मीच धरला. सेव्हर्न नदी आदल्या आठवड्यात काठ ओलांडून गेलेली, त्यामुळे पायवाटेचा नुसता रेंदा झाला होता. बुटाला चिकटलेला चिखल कुंपणाच्या खांबावर खरवडत भाची म्हणाली, "मावशी, एक दगडी पिंप बघायला आपण एवढी तंगडतोड केली, हे मी ऑफिसात कुणालाही सांगणार नाहीये."

पिंप म्हणजे बाप्तिस्म्याचं कुंड. आमच्या वसईकडचे कॅथलिक शेजारी या विधीला स्नानसंस्कार म्हणतात. मला तोच शब्द आवडतो, कारण त्यात पाणी दिसतं. इंग्लंडमध्ये साधारण प्रत्येक जुन्या गावच्या चर्चमध्ये असं एक कुंड असतं आणि बरीचशी बाराव्या-तेराव्या शतकातली असतात. डिअरहर्स्टचं त्याहून जुनं, नवव्या शतकातलं. इथे मठ होता त्याचा उल्लेख 804 सालच्या एका मृत्युपत्रात सापडतो, म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूटांचं राज्य चालू होतं तेव्हाचा.

गावाच्या तोंडाशी पूर आला की बंद करायचं दार आहे. ते ओलांडलं की समोरच सेंट मेरीचं चर्च. बाहेरून उंच, अरुंद, अजिबात नखरा नाही. आत गेल्यावर कमानींच्या टोकांवरून दगडी प्राण्यांची मुंडकी आपल्याकडे बघतात. लांडगा की कुत्रा, ठरवता येत नाही. आत कुणी नव्हतं. एक आजी तेवढ्या फुलदाण्यांतलं पाणी बदलत होत्या. आमचे बूट बघून त्यांनी मुकाट्याने पायपुसण्याकडे बोट दाखवलं.

कुंड डाव्या हाताच्या अंगाला उभं आहे. पहिल्यांदा बघताना फार काही वाटत नाही, खरं सांगते. तुळशीवृंदावनाएवढा दगडी गोल, खाली जाड खांब. मग मी चष्मा पुसला आणि जवळ गेले.

अख्ख्या भांड्याभोवती चक्रंच चक्रं. एका चक्रातून सुटलेली रेघ बाहेर येता येता तुतारीच्या तोंडासारखी रुंदावते आणि पुढच्या चक्रात शिरून पुन्हा बारीक होते. बोट न उचलता काढलेल्या रांगोळीसारखं. वर आणि खाली वेलीची किनार. ना येशू, ना देवदूत, ना कुणी संत. अशी चक्रं आयर्लंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या भिक्षूंच्या हस्तलिखितांत कातड्याच्या पानांवर रंगवलेली दिसतात. इथे कुणीतरी तीच छिन्नीने उतरवली, आणि तीही वळणाऱ्या पृष्ठभागावर. दगड कॉट्सवोल्डकडचा चुनखडी. अगदी नाक लावून बघितलं तर त्यात बारीक गोल दाणे दिसतात, थेट गाभोळीसारखे. भूशास्त्रातल्या त्याच्या नावाचा अर्थही अंड्यांचा दगड असाच आहे.

पण मी आले होते ते या कुंडाच्या वनवासासाठी.

मध्ययुगात कुंडातलं पाणी फार मोलाचं. ते मंत्रून भरून ठेवायचं आणि बरेच दिवस वापरायचं. साहजिकच लोक ते चोरायचे, करणी-जादूटोण्यासाठी. म्हणून 1236 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना झाकणं आणि कुलुपं लावायचा हुकूम काढला. अनेक जुन्या कुंडांच्या काठांवर त्या कड्यांच्या खुणा अजून आहेत. चारशे वर्षांनी वारं उलटं फिरलं. 1645 मध्ये प्युरिटनांचा, म्हणजे पोपच्या काळातल्या सगळ्या थाटामाटावर खार खाणाऱ्या कडक प्रोटेस्टंटांचा, जोर असलेल्या पार्लमेंटने उपासनेची नवी पद्धत लागू केली. पोपच्या काळातली कुंडं जिथे उभी आहेत तिथे बाप्तिस्मा नको, असं तिच्यात स्पष्ट होतं. साधं भांडं पुरे. मग कुलुपात ठेवलेली ती कुंडं परसात गेली, विहिरीपाशी गेली, गोठ्यात गेली. याच चर्चमध्ये वेदीच्या भागात तिन्ही बाजूंनी बाकं आहेत, प्युरिटन पद्धतीची, टेबलाभोवती सगळ्यांनी बसायचं अशी. इंग्लंडात ही मांडणी क्वचितच शिल्लक आहे.

डिअरहर्स्टचं भांडं एका शेतावर डोण, म्हणजे गुरांचं दगडी कुंडं, म्हणून राबत होतं. 1840 च्या दशकात कुणाच्या तरी नजरेला ती चक्रं पडली आणि ते नदीपलीकडच्या लाँगडनच्या चर्चमध्ये नेऊन बसवलं. तिथे ते पंचवीसेक वर्षं कुंड म्हणून नांदलं. मग जवळच्या अ‍ॅपर्लीच्या मिस स्ट्रिकलंड यांना नदीकाठी एक कोरीव खांब दिसला. त्यावरही तीच चक्रं. बाईंनी ओळखलं, हा त्या भांड्याचा पाय. 1870 च्या सुमाराला लाँगडनला बदल्यात नवं कुंड देऊन भांडं परत आणलं आणि खांबावर चढवलं.

मला लाँगडनकरांचं वाईट वाटतं. गोठ्यातून उचललं त्यांनी, पंचवीस वर्षं जपलं, आणि शेवटी हाती काय, तर कोरं करकरीत कुंड.

हे सगळं मी भाचीला तावातावाने सांगत होते. ती म्हणाली, "म्हणजे शेतकऱ्याने नासधूस केली नाही, वाचवलं." मला हे पटलं. पोकळ, गळत नाही, गुरांना तोंड घालता येईल एवढ्या उंचीची वस्तू कोण फोडेल? आपल्याकडे वीरगळांवर धुणी बडवलेली मी डोळ्यांनी बघितली आहेत आणि तेव्हा फार चिडले होते. पण ज्यांचा काहीच उपयोग नव्हता, ते दगड गेले कुठल्या कुठल्या रस्त्याच्या भरावात.

या गावाला ही सवयच दिसते. चर्चपासून पाच मिनिटांवर ऑडा नावाच्या सरदाराने 1056 मध्ये भावाच्या आत्म्यासाठी बांधलेलं छोटं चॅपेल आहे. तेही कित्येक शतकं एका शेतघराच्या पोटात गडप होतं. प्रार्थनेच्या जागी चक्क स्वयंपाकघर. एकोणिसाव्या शतकात गिलावा उतरवला तेव्हा सापडलं.

भाचीला मात्र सगळ्यात जास्त आवडला टेरी. जमिनीवरच्या एका पितळी पत्र्यावर सर जॉन कॅसी हे न्यायाधीश आणि त्यांची बायको कोरलेली आहेत, साल 1400. बाईंच्या घोळाशी एक कुत्रं बसलंय आणि बाजूला त्याचं नाव लिहिलंय: टेरी. तिने त्याचेच अकरा फोटो काढले, कुंडाचे दोन.

निघताना आजी फडकं घेऊन कुंडापाशी आल्या आणि काठ पुसू लागल्या, आपण ओटा पुसतो तसा.

परतीची बस चुकणार हे कळल्यावर आम्ही सावकाश चालायला लागलो. एका शेतात पांढरी इनॅमलची जुनी बाथटब ठेवली होती, नळाच्या भोकात चिंधी कोंबलेली, आणि दोन गाई त्यातलं पाणी पीत होत्या. भाची कुंपणापाशी थांबली, वाकली, आणि टबाच्या बाहेरच्या अंगाला काही कोरलंय का ते नीट बघून आली.