गडचिरोलीची लोकसंख्या ग्रामपंचायतनिहाय जुळवताना

गडचिरोली जिल्ह्याचा ग्रामपंचायतनिहाय लोकसंख्येचा तक्ता मी तयार केला. हे काम बेरजेचं कमी आणि गावं जुळवण्याचं जास्त आहे.

हाताशी आकडे होते ते २०११ च्या जनगणनेचे. जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या 'अ' भागात गावातल्या सोयी असतात, 'ब' भागात प्राथमिक गोषवारा, म्हणजे गावनिहाय लोकसंख्येचे आकडे. आपल्याला 'ब' लागतो आणि त्याची एक्सेल फाइलही मिळते. राज्याचा कोड २७, जिल्ह्याचा ५०८.

फाइल उघडली की लोकसंख्येच्या रकान्याची सरळ बेरीज मारू नका. उत्तर ५० लाखांच्या वर जातं. जिल्ह्याच्या तीन ओळी असतात (एकूण, ग्रामीण, नागरी), तशाच तालुक्यांच्याही, मग गावं, शहरं आणि शहरांचे वॉर्ड, सगळं एकाखाली एक. ग्रामीण तक्त्यासाठी फिल्टर लावून फक्त गावाच्या ओळी ठेवायच्या, त्यांची बेरीज जिल्ह्याच्या 'ग्रामीण' ओळीशी ताडायची. एका माणसाचाही फरक आला तर पुढे जायचं नाही. जिल्ह्याचा एकूण आकडा १०,७२,९४२ : पुरुष ५,४१,३२८, स्त्रिया ५,३१,६१४. दुसरी खोच म्हणजे तालुक्याचे कोड पाच अंकी आणि शून्याने सुरू होणारे. एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं आणि कोड जुळेनासे होतात. रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्यावा.

खरा वेळ गेला तो नावांत. जनगणना मोजते महसुली गाव, म्हणजे महसूल खात्याच्या नोंदीतलं गाव. ग्रामपंचायतीत मात्र अशी दोन-चार गावं असू शकतात. त्यात इकडच्या नावांना माल, चक, तुकूम, रिठ अशी शेपटं. एकाच नावाचं 'माल' वेगळं गाव, 'चक' वेगळं. ग्रामपंचायतीच्या यादीत शेपूट गळतं आणि चकाची माणसं मालाच्या खात्यावर पडतात. 'रिठ' बहुधा उजाड असतं. तिथे लोकसंख्या शून्य दिसली की ती ओळ चुकीची समजून काढून टाकण्याचा मोह होतो. काढू नये, नाहीतर गावांची संख्या महसूल खात्याशी जुळत नाही. म्हणून नावावर भरवसा न ठेवता सहा अंकी गावकोडाने जोडलं. स्थानिक शासन निर्देशिकेत (केंद्र सरकारची गावं आणि ग्रामपंचायतींची कोडसह यादी) जुन्या गावांना बहुतेक तेच कोड आहेत. जी उरतात ती तलाठ्याकडून (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी, पण म्हणतात सगळे तलाठीच) विचारून घ्यावीत.

पेसाचा (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) गुंता वेगळा. २०१४ च्या नियमांनुसार एखादा पाडा किंवा टोला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा बसते. पण २०११ मध्ये ती माणसं मूळ महसुली गावातच मोजली गेली. पाड्याचा आकडा ग्रामपंचायतीकडून आणून वर मिळवला, तर तीच माणसं दोनदा येतात. मूळ गावातून तेवढे वजा करणंही बरोबर नाही, कारण ग्रामपंचायतीचा आकडा आजचा आणि जनगणनेचा १ मार्च २०११ चा. मी पाड्यांसाठी वेगळा रकाना ठेवला आणि बेरजेत धरला नाही.

जनगणनेसाठी सीमा ३१ डिसेंबर २००९ ला गोठवल्या होत्या. अहेरी, एटापल्ली, सिरोंचा यांच्या नगरपंचायती नंतर झाल्या. त्यामुळे २०११ चा ग्रामीण आकडा आजच्या ग्रामपंचायतींच्या बेरजेपेक्षा मोठाच राहणार. अशा ओळींपुढे 'आता नगरपंचायत' एवढा शेरा पुरतो.

टक्केवारी काढताना साक्षरतेचा भाजक चुकतो. एकूण लोकसंख्येतून ० ते ६ वयाची मुलं वजा करूनच भागायचं. अनुसूचित जमातीचं प्रमाण मात्र एकूण लोकसंख्येवरच, जिल्ह्यात ते ३८.७ टक्के येतं.

मतदारसंख्येशी ताळा करायला कुणी सांगितलं तर लोकसभेचा आकडा घेऊ नका. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात आमगाव, ब्रह्मपुरी आणि चिमूरही येतात. आरमोरी, गडचिरोली, अहेरी हे तीन विधानसभा मतदारसंघच धरा.