आमची वाटचाल : कोव्ह बंदरातील आमची खानावळ

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोव्ह या बंदरगावी आम्ही दोघे नवरा-बायको एक छोटे अतिथिगृह आणि त्याला जोडून खानावळ चालवतो. आमचे बहुतेक पाहुणे अमेरिकेचे असतात, कारण १८४८ ते १९५० या काळात सुमारे २५ लाख आयरिश माणसांनी याच बंदरातून देश सोडला आणि त्यांची पतवंडे आज तो धक्का पाहायला येतात. दिवसभर फिरून ती आमच्याकडे जेवायला बसली, की हमखास कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेले गोमांस, आणि कोबी मागतात.

पहिल्या वर्षी आम्ही ते देतही होतो. शेजारच्या आजींनी ते ताट पाहिले आणि हे इथल्या घरातले जेवण नव्हे, असे शांतपणे सांगितले. इथे कोबीबरोबर शिजते ते खारवलेले डुकराचे मांस, म्हणजे बेकन. न्यूयॉर्कला गेलेल्या आयरिश कुटुंबांना तसे बेकन परवडेना, तेव्हा त्यांनी ज्यू खाटकांकडचे खारवलेले गोमांस आपलेसे केले. जवळच्याच कॉर्क शहराहून १७व्या आणि १८व्या शतकांत असेच गोमांस पिंपे भरभरून परदेशी जात असे, पण इथल्या गरिबाच्या ताटात ते क्वचितच पडे. हे समजल्यावर आम्ही कॉर्न्ड बीफ बंद केले. आता बेकन रात्रभर भिजवून त्याचे मीठ उतरवतो, मंद आचेवर शिजवतो, त्याच पाण्यात कोबी घालतो आणि वाढताना वर पार्सलीचा पांढरा सॉस घालतो.

सोडा ब्रेड मात्र मला सहज जमला नाही. त्यात गव्हाचे पीठ, सोडा, मीठ आणि ताक एवढेच असते; ताक सोड्याला लागताच पीठ फुलू लागते, म्हणून ते मळायचे नसते, हलक्या हाताने गोळा करून, वर सुरीने खोल फुली मारून लगेच भट्टीत सारायचे असते. भाकरीचे पीठ तळहाताने रगडून मळण्याची सवय असलेला माझा हात थांबत नसे आणि ब्रेड दगडासारखा होई. आजींनी माझे मनगट धरून मला थांबायला शिकवले. ब्रेड उलटा करून तळावर टिचकी मारली आणि पोकळ आवाज आला, की तो झाला, हेही त्यांनीच दाखवले. अमेरिकन पाहुण्यांना त्यात साखर, मनुका आणि शहाजिरे अपेक्षित असते. आमचा ब्रेड साधाच असतो आणि आम्ही तो लोण्याबरोबर देतो.

कॉर्न्ड बीफ नाही म्हणून काही पाहुणे नाराज होतात, पण आम्ही कारण सांगतो आणि बहुतेक जण मन लावून ऐकतात. गेल्या वर्षी बोस्टनच्या एका वृद्ध बाईंना मी कोलकॅनन वाढले : केल ही पालेभाजी घालून कुस्करलेला बटाटा आणि मधल्या खळग्यात वितळते लोणी. त्यांनी कडेचा घास त्या लोण्यात बुडवला आणि आपली आजी अगदी असेच खात असे, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी आणखी एक वाढप मागून घेतले.