तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरीला गॅस दिसतो कसा?

साखर कारखान्यांच्या बायोगॅस प्लान्टवर गळती शोधायचं माझं काम. हातात बॅटरीसारखं यंत्र. लातूर असो की बीड, पाइपावर रोखलं की मागून कुणीतरी विचारतंच, "साहेब, गॅस दिसंना, वास बी येईना, मग हे लांबूनच कसं सांगतंय?"

पाइपावर जो हिरवा ठिपका दिसतो, तो फक्त नेम धरायला. खरं काम करणारा लेझर डोळ्यांना दिसतच नाही. त्याची तरंगलांबी १६५४ नॅनोमीटरच्या आसपास, आणि आपली नजर ७००च्या पुढं चालत नाही. बायोगॅसमधला मुख्य जळणारा वायू मिथेन, तो नेमका तोच प्रकाश गिळतो. पण पाइपावर आपटून परत येणारा प्रकाश धुळीनंही कमी होतो, आणि गळीत हंगामात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, धुळीला काय तोटा? म्हणून लेझरचा करंट सतत किंचित कमीजास्त करत राहतात. त्यासरशी तरंगलांबी मिथेनच्या जागेवरून थोडी अलीकडं-पलीकडं सरकते. धूळ या सगळ्या तरंगलांबींना सारखीच आडवी येते. मिथेन मात्र त्या एकाच जागी परतीच्या प्रकाशात खड्डा पाडतो. खड्डा खोल, तेवढा गॅस जास्त.

हे लोकांना पटतं. आकडा वाचताना घोळ होतो.

गेल्या हंगामात एका प्लान्टवर ५०० आकडा आला. सुपरवायझरनं लगेच फोन काढला, "पाचशे पीपीएम" (हवेच्या दहा लाख भागांत पाचशे भाग गॅस) कळवायला. मी म्हटलं, थांबा, खाली 'पीपीएम-मीटर' लिहिलंय. म्हणजे गॅस किती दाट, गुणिले प्रकाशाच्या वाटेत तो किती मीटर पसरलाय. हे यंत्र एकूण बिल सांगतं. भाव किती आणि वजन किती ते सांगत नाही. मीटरभर पसरलेला ५०० पीपीएम आणि दहा सेंटीमीटरच्या भपक्यातला ५,००० पीपीएम, त्याला दोन्ही सारखेच. साध्या हवेतही सुमारे १.९ पीपीएम मिथेन असतोच. दहा मीटरवरच्या भिंतीवर रोखलं तर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे ३८ पीपीएम-मीटर फुकटात. आणि मागं भिंत किंवा पाइप हवाच. आभाळाकडं धरलं तर परत काहीच येत नाही.

मग काय, कोन बदलत, जवळ जात, अर्धा तास फिरलो. एका फ्लॅन्जपाशी, म्हणजे बोल्टांनी आवळलेल्या पाइपाच्या जोडापाशी, आकडा उसळला. साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडे एकाच बोल्टाखालून. जोडामधलं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, कडक होऊन चिरलं होतं.

टाकीत उतरणाऱ्यांना मात्र मी बजावतो: याच्यावर विसंबू नका. बायोगॅसमधला विषारी हायड्रोजन सल्फाइड या लेझरला दिसत नाही, आणि माणूस आडवा करतो तो तोच.

परवा शेजारच्या मावशींनी घरचा सिलिंडर तपासायला बोलावलं. म्हटलं, मावशी, त्यात प्रोपेन-ब्युटेन. हे यंत्र मिथेनचं.

"मंग आमच्या काय कामाचं?"

रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बघितला. बुडबुडा नव्हता. चहा मात्र झाला.