ब्रह्मकमळाचे सहा तुकडे: जून ते ऑक्टोबर

८ जून. सांगलीच्या मावशीने पाठवलेली पिशवी मामेभावाने आज डोंबिवलीला आणून दिली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रह्मकमळाचे सहा तुकडे आणि वर एक चिठ्ठी: "पानं मातीत खोच गं, आपोआप धरतात." मावशीकडे खरंच धरतात. तिच्या मागच्या अंगणात आंब्याच्या बुंध्याशी या झाडाचं रान झालंय आणि श्रावणात एकेका रात्री वीस-बावीस फुलं उमलतात. गल्लीतले लोक साडेनऊ-दहाला येऊन बसतात, फुलाला हळदकुंकू वाहतात, कुणी आरती म्हणतं. ते पाहत मी मोठी झाले, म्हणून हे झाड मला माझ्या गॅलरीत हवंच आहे. गेल्या पावसाळ्यात आणलेले चार तुकडे मात्र चारही कुजले.

यंदा लावण्याआधी झाड नीट समजून घेतलं. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाही, चपटं झालेलं खोड आहे. हे निवडुंगाच्या कुळातलं झाड, एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. मूळ दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतलं, तिथे ते इतर झाडांच्या फांद्यांवर वाढतं. एपिफायलम म्हणजे 'पानावर'. फूल पानावरच येतं असं वाटल्याने पडलेलं नाव, म्हणजे मावशीचा समज शास्त्रीय नावातसुद्धा शिरलेला आहे. (हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यपुष्प. आपल्या झाडाशी त्याचं काही नातं नाही. तरी घरोघरी रुजलेलं नाव मी बदलणार नाही.)

खोड आहे हे पटलं की पुढचं सगळं उलगडतं. कडेच्या प्रत्येक खाचेत एक डोळा असतो. नवी फूट तिथूनच, कळीही तिथूनच. मधली जाड शीर हा खोडाचा गाभा. पाणी तिथून वाहतं आणि मुळ्याही मुख्यतः तिथूनच सुटतात. पानफुटीचं पान ओल्या मातीवर टाकलं की कडेला रोपं उगवतात, तो न्याय इथे लावू नये. पानफुटीचं ते खरंच पान असतं.

९ जून. सहाही तुकडे साधारण १८ सेंटिमीटरचे केले. ब्लेड डेटॉलने पुसून घेतलं. खालचा काप असा घेतला की मधली शीर पूर्ण उघडी दिसेल. खालच्या बाजूला मार्करने बाण काढला, कारण सुकल्यावर वर-खाली ओळखताना गोंधळ होतो. शीर जिकडे जाड आणि टणक, ते बूड.

क्रमांक १ आणि २ आजच लावले, मुद्दाम, मावशीच्या पद्धतीने. ३, ४ आणि ५ सुकायला ठेवले, त्यांतल्या ४ आणि ५ च्या कापाला हळद चोळली. ६ पाण्याच्या बाटलीत, फक्त बुडाचा एक सेंटिमीटर बुडेल असा.

१४ जून. पाऊस धरला. गॅलरीत ठेवलेले तुकडे पाच दिवसांनीही ओलसरच. आत आणून पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरले.

२० जून. अकरा दिवसांनी ३, ४, ५ ला खपली धरली. बोट लावलं तर काप कोरडा, पुठ्ठ्यासारखा. कोरड्या हवेत आठवडाभरात होणारं काम आपल्या किनारपट्टीच्या हवेत इतकं लांबतं. हळद लावलेल्या आणि न लावलेल्या कापांत मला काही फरक दिसला नाही.

मिश्रण: दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर कोळसा. बागेची माती अजिबात नाही. फांद्यांच्या बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यात वाढणारं झाड आहे, मुळांना हवा लागते. तुकडा जेमतेम तीन सेंटिमीटर आत, बांबूच्या काडीला सुतळीने सैल बांधला. पाणी दिलं नाही, मिश्रण मुठीत दाबल्यावर थेंब पडणार नाही इतपतच ओलं. वरून पिशवी झाकली नाही. जास्वंदीच्या काडीला ती युक्ती चालते, इथे बुरशी येते.

२७ जून. क्रमांक १ बुडापासून तपकिरी, दाबलं की पाणी सुटतं. २ ची मधली शीर काळी पडलीय. दोन्ही उपटले. २ चा वरचा अर्धा भाग निरोगी होता, तो शीर आतून स्वच्छ हिरवी दिसेपर्यंत कापत गेले आणि परत सुकायला ठेवला. कुजणं नेहमी शिरेतून वर चढतं. कडा हिरव्या दिसल्या म्हणून फसू नका.

आता ओळखीबद्दल. गॅलरीत शिक्क्यांसकट आलेली आणखी तीन झाडं आहेत आणि तिन्हींचे शिक्के चुकीचे निघाले.

पहिलं 'लाल ब्रह्मकमळ' म्हणून मिळालं. खोड जाडसर, अरुंद, बुडाशी तीन धारांचं, कोवळ्या फुटीच्या कडा लालसर. हे संकरित एपिकॅक्टस. फुलं दिवसा उघडी असतात आणि दोन-तीन दिवस टिकतात. देखणं झाड आहे, पण रात्री वाट पाहू नका.

दुसरं 'रात्री फुलणारा निवडुंग'. तीन ठसठशीत धारा, धारांवर राखी कडक किनार, आखूड काटे, भिंतीला चिकटणाऱ्या हवाई मुळ्या. ड्रॅगनफ्रूट! सांगली-सोलापूरकडे शेतात खांबांवर चढवतात तेच. फूल रात्रीच येतं, त्यामुळे शिक्का अर्धा खरा.

तिसऱ्याने मला दोन महिने झुलवलं. एका नर्सरीतून 'फिशबोन' म्हणून घेतलं होतं. फिशबोन म्हणजे एपिफायलम अँग्युलिगर, नव्या वर्गीकरणात डिसोकॅक्टस अँग्युलिगर. पुण्याच्या मैत्रिणीकडून त्याचा खात्रीचा तुकडा मागवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. तिच्या तुकड्याची रुंदी पाच सेंटिमीटर, दात रुंद बुडाचे, त्रिकोणी, टोकाला गोलसर. माझ्याची रुंदी अकरा, दात बोटांसारखे लांब आणि अरुंद, खाचांत बारीक काटे, पाठीच्या शिरेवर हवाई मुळ्या. म्हणजे सेलेनिसेरियस अँथनियानस, मेक्सिकोच्या चियापासमधला वेल. २०१७ पासून ड्रॅगनफ्रूटही सेलेनिसेरियसमध्येच धरतात, त्यामुळे त्या चिकटणाऱ्या मुळ्यांचं नवल नाही. अँग्युलिगरचं फूल पांढरं, बाहेरून फिकट पिवळं. अँथनियानसच्या बाहेरच्या पाकळ्या जांभळट लाल. फूल येईपर्यंत थांबायची गरज नाही, पट्टी घेऊन दात मोजा.

१२ जुलै. बाटलीतल्या ६ ला शिरेच्या दोन बाजूंनी पांढऱ्या मुळ्या, सर्वांत लांब दीड सेंटिमीटर. कुंडीत हलवला.

२ ऑगस्ट. ४ ला खाचेतून गुलाबी कोंब! आनंद झाला, पण हलकेच स्पर्श केला तर तुकडा बुडातून हलतो. खोडातल्या साठ्यावरही कोंब फुटतो, त्यामुळे कोंब आला म्हणजे मूळ धरलं असं नाही. पाणी वाढवलं नाही. ६ मात्र हलवल्यापासून मलूल, पाण्यातल्या नाजूक मुळ्यांना कुंडी मानवली नाही.

१९ ऑगस्ट. ३, ४, ५ तिन्ही घट्ट. सुरकुतलेले तुकडे फुगून तकतकीत झालेत. पहिलं भरपूर पाणी आज दिलं. कुंड्या पूर्वेच्या कठड्यावर, सकाळचं ऊन दोन तास.

२१ सप्टेंबर. ५ च्या बुडातून बारीक केसांची गोल छडी सरळ वर निघालीय, ३० सेंटिमीटर झाली. ही काढून टाकू नका. हे झाडाचं मुख्य खोड, चपट्या फांद्या पुढे यावरच येतात. मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, ती काठी मी दरवर्षी तोडते." यंदा दोन ठेवायचं कबूल केलंय.

११ ऑक्टोबर. ६ सावरला, टोकाला नवी फूट. २ चा वाचवलेला अर्धाही धरला. सहापैकी पाच. पुण्याच्या मैत्रिणीला अँथनियानसचा तुकडा बाण काढून, खपली धरवून आज कुरिअर केला.